माणकशेटची वही : शंखबंदराच्या बुडालेल्या व्यापाऱ्याच्या प्रकल्प नोंदी

९ एप्रिल २०२५

आजपासून माणकशेट माझ्याकडे. आम्ही पाच जण मिळून एक व्हिडिओ गेम बनवतोय, त्याची कथा आणि संवाद मी लिहिते. गेममधल्या काल्पनिक शंखबंदराचे नाखवे, कोळणी, जकातनाक्यावरचा कारकून, घाटावरचा पुजारी एवढी माणसं लिहून झाली आहेत. माणकशेट हा धक्क्याच्या पायरीवर बसून दिव्याच्या वाती विकणारा म्हातारा. खेळाडू पहिल्या दिवसापासून त्याच्याकडून वाती घेतो, आणि पाठीमागची चार मजली, दारं खिळलेली पेढी एकेकाळी याचीच होती हे त्याला फार उशिरा कळतं.

पात्रांच्या तक्त्यात त्याच्यापुढे एवढंच लिहिलंय : 'मोठा व्यापारी होता. वादळात जहाज बुडालं. कंगाल झाला.' वर्षभरापूर्वी मीच लिहिलेली ओळ, पण आज वाचल्यावर ती पुढे नेता येईना. जहाज बुडालं म्हणजे दैवानं मारलं. मग माणकशेटनं स्वतः काय केलं? त्याला रात्री झोप का लागत नाही? या ओळीत त्याचं उत्तर नाही. उत्तर मिळाल्याशिवाय त्याच्या तोंडी एकही वाक्य घालायचं नाही असं ठरवलं.

१४ एप्रिल

सुट्टी. खालून जयंतीची मिरवणूक गेली, ढोल थांबेपर्यंत दुपार झाली.

वादळ नको तर आग लावू या, असं चित्रकारानं सुचवलं होतं. त्यावरून आजच्याच तारखेचा मुंबईच्या गोदीचा स्फोट आठवला. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉक, 'फोर्ट स्टिकिन' जहाज. कापसाच्या गासड्या आणि स्फोटकं एकाच जहाजात भरलेली, शिवाय सोन्याच्या विटा. दुपारी आग लागली आणि संध्याकाळच्या आत दोन स्फोट झाले. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्या दिवसात किती गोदामं, किती पेढ्या राख झाल्या असतील, आणि त्यांच्या मालकांपैकी एकाचाही त्यात काही दोष नव्हता.

म्हणून आगही नको. आगीत किंवा वादळात बुडालेल्या माणसाची कीव येते, पण त्याला विचारावंसं काही वाटत नाही. शिवाय त्या ६६ जणांची गोष्ट त्यांचीच राहू दे, माणकशेटसाठी ती उसनी घ्यायला मन होईना.

२२ एप्रिल

मुंबई आधी एकदा अशीच बुडाली होती, आणि ना वादळानं ना आगीनं. आज दिवसभर १८६५ वाचलं.

१८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. तो मुंबईच्या बंदरातून जाऊ लागला. कापसाचा भाव चढला तसा शहरात पैसा धो धो आला, इतका की तो ठेवायचा कुठे हा प्रश्न पडला. मग रोज नवी बँक, नवी कंपनी. समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या बॅक बे कंपनीचा ५,००० रुपये भरलेला शेअर ५०,००० च्या घरात गेला. या सगळ्या तेजीच्या मध्यभागी होते प्रेमचंद रायचंद. त्यांनी नुसती मान डोलवली तरी शेअरचा भाव चढायचा, अशी त्यांची पत.

एप्रिल १८६५ मध्ये तिकडे दक्षिणेचे जनरल ली शरण आले. युद्ध संपलं आणि कापूस उतरला. सगळ्यांच्या वायद्यांची, म्हणजे पुढच्या तारखेच्या बोलीवर केलेल्या सौद्यांची, फेड १ जुलै १८६५ ला येऊन ठेपली होती. त्या दिवशी देणारा कुणी उरलाच नाही, कारण प्रत्येकजण दुसऱ्याकडून येणाऱ्या पैशावर बसला होता. लाखाचे बारा हजार हा वाक्प्रचार मी लहानपणापासून ऐकतेय, पण एका अख्ख्या शहराचे एका दिवसात तसे झालेले आज पहिल्यांदा डोळ्यांपुढे आले. १८४० पासूनची बँक ऑफ बॉम्बेसुद्धा १८६८ मध्ये गुंडाळावी लागली.

एकच गोष्ट डोक्यातून जात नाहीये. मुंबईला युद्ध संपल्यानं बुडवलं. तिकडे लोक मरायचे थांबले आणि इकडे पेढ्या बसल्या.

तक्त्यात माणकशेटपुढची जुनी ओळ खोडली. नवी ओळ : 'युद्ध संपलं. म्हणून बुडाला.'

२५ एप्रिल

शंखबंदरात याची मांडणी अशी. तिथे कापसाच्या जागी निळी राळ. जहाजांच्या फटी बुजवायला आणि आरमाराच्या मशालींना तीच लागते. ती यायची दक्षिणेच्या बेटांवरून. बेटांशी युद्ध सुरू झाल्यावर ती वाट बंद झाली, आणि पूर्वतटाची राळ, जिला आधी कुणी हुंगत नव्हतं, ती दसपट भावाला गेली. माणकशेटचा पूर्वतटावर जुना अडत्या होता. पाच वर्षांत चार मजले चढले.

इथवर जमलं. पण एकदा भाव पडला म्हणून एवढी मोठी पेढी बसेल का? त्याच्याकडे रोकड असेल, गोदामं असतील. कुठेतरी एक खिळा कमी आहे.

३ मे

शनिवार होता, म्हणून सकाळी फोर्टात गेले. हॉर्निमन सर्कलच्या बागेत आधी बसले. बाग होण्याआधी हे मोकळं मैदान होतं आणि इथे कापसाच्या गासड्यांचे ढीग लागायचे, म्हणून त्याला कॉटन ग्रीन म्हणत. हार्बर लाईनवरच्या स्टेशनात ते नाव अजून शिल्लक आहे. समोर टाऊन हॉलच्या पायऱ्या. त्याच्यापुढच्या वडाखाली १८५० च्या दशकात दलाल जमायचे, त्यांचीच पुढे १८७५ मध्ये असोसिएशन झाली. सकाळी दहाला पायऱ्यांवर कॉलेजची मुलं फोटो काढत होती. मी मोबाईलमध्ये पायऱ्यांच्या झिजलेल्या कडांचे फोटो घेतले. माणकशेट ज्या पायरीवर बसतो ती अशी मधोमध खोलगट हवी, हे चित्रकाराला सांगायचं आहे.

तिथून चालत राजाबाई टॉवर. ओव्हल मैदानात क्रिकेट चालू होतं, मी कडेला उभी राहून वर बघत राहिले. प्रेमचंद रायचंदांनी विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि या मनोऱ्यासाठी दोन लाख दिले ते तेजीच्या ऐन भरात, १८६४ मध्ये. अट एकच, मनोऱ्याला आईचं नाव. पुढल्या वर्षी त्यांची पेढी कोसळली. पायाभरणी झाली १८६९ मध्ये आणि काम पुरं झालं १८७८ मध्ये. म्हणजे २८० फुटांचा हा मनोरा उभा राहिला तो दात्याचं दिवाळं निघाल्यानंतर. आई डोळ्यांनी अधू होती आणि जैन असल्यानं सूर्यास्तापूर्वी जेवायची, तिला वेळ कळावी म्हणून ही घंटा, अशी आख्यायिका सांगतात. प्रेमचंद रायचंद १९०६ पर्यंत जगले. मनोरा उभा राहिल्यानंतरच्या सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांत रोज दर पंधरा मिनिटांनी आपल्या भरभराटीतल्या दानाचे टोले ऐकताना त्यांना काय वाटत असेल?

माणकशेटनं बंदराला घंटा दिलेली असणार. धुक्यात जहाजांना वाट दाखवणारी घंटा. चर्चगेटपर्यंत येईतो एवढं पक्कं झालं. या घंटेचं पुढे काय करायचं ते मात्र सुचलेलं नाही.

४ मे

मामांकडे डोंबिवलीला. मामा छत्तीस वर्षं मसजिद बंदरच्या एका पेढीवर दिवाणजी होते. माझ्या गेममधलं त्यांना फारसं कळत नाही, पण व्यापारी म्हटल्यावर चष्मा पुसून सरसावून बसले.

मी गोष्ट सांगितली. माल दसपट भावात घेतला, जहाज वाटेत असतानाच तह झाला, भाव पडला, शेट बुडाला.

मामांनी लगेच विचारलं, "पैसे कधी दिले त्यानं? माल घेताना की माल आल्यावर?"

मी म्हटलं, "घेतानाच दिले असतील की."

"कसे दिले? एवढ्या मोहरा काय जहाजात घालून पाठवल्या? अगं, हुंडी असणार. आणि हुंडी म्हणजे काय एकच असते का?"

मग त्यांनी पंचांगाच्या मागच्या कोऱ्या पानावर एकेक लिहून दाखवली. दर्शनी म्हणजे दाखवली की पैसे. मुद्दती म्हणजे ठरल्या दिवसांनी. शाहजोग म्हणजे बाजारात ज्याचं नाव आहे अशाच माणसाच्या हाती पैसे द्यायचे. हुंडी गहाळ झाली तर तिची पेठ, तीही गहाळ झाली तर परपेठ. पैसे चुकते झाले की त्याच कागदाचं नाव खोका. रक्कम कशी लिहितात तेही दाखवलं : रुपये एक हजार, निम्मे पाचशे, त्याची दुप्पट. म्हणजे मागाहून कुणी एक शून्य वाढवलं तर निम्मी रक्कम ओरडून सांगते. हे सगळं त्यांनी पाहिलं नव्हतं, त्यांच्या शेटच्या वडिलांच्या तोंडून ऐकलं होतं.

सगळ्यात शेवटी जोखमी हुंडी. मला हवा असलेला खिळा इथे सापडला.

परगावचा अडत्या माल जहाजात चढवतो आणि त्या मालाच्या किमतीची हुंडी आपल्या शेटवर काढतो. ती हुंडी तिथल्याच सराफाला विकून रोकड घेतो आणि मालाचे पैसे भागवतो. सराफ थोडं कापून देतो, कारण जोखीम आता त्याची. माल सुखरूप पोचला तर शेटनं सराफाच्या माणसाला पैसे मोजायचे. जहाज बुडालं तर हुंडी बुडाली. शेट एका पैचाही देणेकरी नाही.

मी दोनदा विचारलं, "म्हणजे मामा, जहाज बुडालं तर शेट सुटला?"

"सुटला. बुडाला तो सराफ."

वहीत लिहिता लिहिता हात थांबला. माणकशेटनं पूर्वतटाची राळ युद्धाच्या भावानं घेतली आहे. जहाज वाटेत आहे. तह झाल्याची बातमी जहाजाच्या आधी येऊन पोचते. आता जहाज धक्क्याला लागलं तर त्याला दसपट किमतीची हुंडी भागवावी लागणार आणि हातात कवडीमोल राळ येणार. जहाज बुडालं तर मात्र तो वाचला.

जहाजावर नाखवा आणि बावीस खलाशी आहेत.

मामीनं ताट वाढलं होतं, ते निवत चाललं. मी मामांना पुढचं सांगितलं, की बंदरावरची घंटा याच शेटनं बांधलेली आहे आणि त्या रात्री धुकं आहे. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाळ, आधी जेव."

५ मे

परतीच्या लोकलमध्ये आणि आज दिवसभर मिळून लिहिलेला कच्चा आराखडा.

तहाची बातमी दुपारी येते. सगळं शंखबंदर रस्त्यावर. रात्री घरोघर दिवे. घंटेवरचा गडी माणकशेटच्या पेढीचाच पगारी नोकर, तोही जल्लोषात निघून गेलेला. त्याच रात्री समुद्रावरून धुकं चढतं. राळ घेऊन निघालेलं जहाज 'सोनसळी' आज-उद्या येणार हे दोघांनाच ठाऊक : माणकशेटला आणि हुंडी घेऊन बसलेल्या सराफाच्या पोरसवदा गुमास्त्याला. गुमास्ता येऊन विचारतो, "शेट, आज घंटेवर कोण आहे?" माणकशेट म्हणतो, "आहे माणूस."

मग तो एकटाच मनोऱ्याकडे जातो आणि पहिल्या पायरीवर बसून राहतो. एक प्रहर. वर कुणी नाही हे दुसऱ्या कुणाला कळणार नाही. धुकं होतं, जहाज खडकावर गेलं, दैव. सराफ बुडेल, पण सराफ दूरच्या गावचा.

एक प्रहर सरल्यावर उठून तो वर चढतो आणि उजाडेपर्यंत दोर ओढतो. 'सोनसळी' सुखरूप लागते. दुपारी गुमास्ता हुंडी पुढे ठेवतो.

माणकशेट पेढीत जाऊन भर दिवसा दिवा लावतो. जुन्या काळी व्यापाऱ्यानं हात वर केले की तो गादी उलटी टाकून दुकानात दिवसाढवळ्या दिवा लावून बसे, असं सांगतात, आणि दिवाळं हा शब्दही त्या दिव्याशी जोडतात. आदल्या रात्री सगळ्या गावानं तहाचे दिवे लावलेले. दुसऱ्या दिवशी उन्हात याचा एकच.

१९ मे

गेले दोन आठवडे संवाद. आधीच्या इंजिनात, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, देवनागरी मोडायची, 'दिवाळं' लिहिलं की पहिली वेलांटी द च्या पुढे जाऊन पडायची आणि जोडाक्षरं सुटी व्हायची. गोडो या इंजिनाच्या चौथ्या आवृत्तीवर आल्यापासून तो त्रास गेला. संवादाच्या चौकटीत मात्र दोनच ओळी मावतात, त्यामुळे माणकशेट कमी बोलतो. ते त्याला शोभतं. व्यापारी माणूस मोजून बोलतो.

त्याचं पहिलं वाक्य : 'वात नीट वळून घे. सैल वात तेल पिते, उजेड देत नाही.' हे आमच्या आजीचं.

पत या शब्दावर तीन दिवस गेले. सराफाचा गुमास्ता माणकशेटच्या तोंडाकडे बघूनच 'आहे माणूस' वर विश्वास ठेवतो, कारण शेटच्या शब्दाला शंखबंदरात पत आहे. म्हणजे त्या रात्री माणकशेट आपली पत वापरून खोटं बोलला. पुढे तो वर चढला, घंटा वाजवली, हुंडीपोटी घर-गोदाम सगळं दिलं, लोकांनी त्याला प्रामाणिक म्हटलं, बुडाला पण शब्दाला जागला म्हटलं. आणि तो एक प्रहर फक्त त्याला माहीत. लोकांनी नावाजलं की तो तोंड फिरवतो, खेळाडूला वाटतं गर्विष्ठ आहे.

२७ मे

काल पावसानं शहर आडवं केलं. मे महिन्यात असा पाऊस! मी दादरला तीन तास अडकले, घरी पोचायला रात्र झाली. आज मीटिंग फोनवर.

दोन मुद्द्यांवर बरीच वादावादी. पहिला : त्या एका प्रहरात कुणीतरी मेलं पाहिजे, असं प्रोग्रामरचं म्हणणं. एखादा खलाशी, नाहीतर छोट्या होडीतलं पोर. नाहीतर खेळाडूला गुन्हा जाणवणार नाही. मी हट्टानं नाही म्हटलं. कुणी मेलं की हिशेब सोपा होतो, तो खुनी ठरतो, विषय मिटतो. काहीच झालं नाही, सगळे सुखरूप आले, नाखव्यानं शेटला मिठी मारली, आणि तरीही तो तीस वर्षं त्या पायरीवरून उठू शकला नाही, हे जास्त खरं आहे. मी तरी अशी माणसं पाहिली आहेत. ज्याचं काहीच वाईट झालं नाही अशाच गोष्टीची माफी कुणाकडे मागायची हे त्यांना कळत नाही.

दुसरा : निवड. गेम आहे तर खेळाडूला त्या रात्रीत नेऊन ठरवू द्यावं, घंटा वाजवायची की नाही. यावर मी डगमगले, कारण त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. पण खेळाडूला हुंडीचे पैसे द्यायचे नाहीत. त्याचं घर जाणार नाही. तो बिनधास्त घंटा वाजवेल आणि स्वतःवर खूश होईल. शेवटी सगळ्यांनी मान्य केलं, की खेळाडू त्या रात्रीत जाणार नाही. बंद पेढी उघडली की त्याला वही सापडेल, आणि त्यात त्या तारखेची नोंद.

चित्रकारानं आज एक चित्र पाठवलं. माणकशेटचे हात. दोन्ही तळव्यांवर आडवा, चकाकणारा वळ, दोरानं सोलल्यावर भरून आलेल्या कातडीचा. खेळाडू पहिल्या दिवसापासून याच तळव्यांवरून वाती उचलतो. मी तिला काही सांगितलं नव्हतं, फक्त 'उजाडेपर्यंत दोर ओढतो' एवढं लिहिलं होतं.

८ जून

कर्ज किती ठेवायचं, हे आज सोडवलं. माणकशेट अजूनही वाती विकून फेडतोच आहे, पण तीस वर्षांचं व्याज लावलं तर आकडा आभाळाला भिडतो आणि खेळाडूला ती थट्टा वाटते. इथे दामदुपट कामाला आली. आपल्याकडचा जुना नियम : थकलेलं व्याज मुद्दलापेक्षा जास्त एका वेळी मागता येत नाही. मुंबई इलाख्यात कोर्टांनीही तो पाळला. तेव्हा सगळं विकून उरलेलं मुद्दल ४,००० मोहरा, व्याज कितीही साठलं तरी ४,००० च्या वर जाणार नाही. आकडा ८,००० वर अडकतो. शंखबंदराच्या पंचांनी सांगितलेला नियम म्हणून हे एका संवादात घातलं.

खेळाडूकडे पैसे असले तर तो हे कर्ज फेडू शकतो का? ठेवलंय. माणकशेट मोहरा घेतो, मोजतो, पावती देतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा पायरीवर बसलेला असतो.

१५ जून

वही आणली. काळबादेवीला कागदाच्या दुकानात लाल कापडाच्या बांधणीच्या लांबट वह्या अजून मिळतात, दिवाळीला पूजनासाठी घेतात त्या. दुकानदारानं विचारलं, "ताई, आत्ता जूनमध्ये?" मी गेमचं सांगितलं तर त्यानं आतून जुन्या पद्धतीची काढून दिली. पानांवर छापील रेघा नाहीत, घड्या पाडलेल्या. घडीच्या खुणांनीच रकाने होतात, एका बाजूला जमा, एका बाजूला नावे. वरची दोरी दोनदा गुंडाळून गाठ. कापडाला खळीचा वास.

मी आणि चित्रकारानं ठरवलं, की त्या तारखेचं पान मी बोरूनं हातानं लिहायचं आणि ती ते स्कॅन करून पेढीतल्या वहीवर चढवणार. फॉन्टमधून असलं पान होत नाही.

२४ जून

सहा जणांना खेळायला बसवलं. सहापैकी चौघांनी वही उघडली आणि लगेच मिटली, कारण अक्षर बारीक. ते मोठं करायचं. दोघांनी वाचली. त्यातल्या एकीनं वही वाचून झाल्यावर काहीच न बोलता पात्राला धक्क्यावर परत नेलं आणि माणकशेटकडून एक वात घेतली. तिच्याकडे वातींचा ढीग होता.

पेढीतून बाहेर पडताना घंटा वाजायला हवी का, यावर मत पडलं, नको.

१ जुलै

तारीख मुद्दाम धरली होती, आजच पान पुरं करायचं. १८६५ च्या १ जुलैला १६० वर्षं झाली.

संध्याकाळी वही घेऊन मामांकडे. पाऊस नव्हता, उकडत होतं. त्या रात्रीची रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची नोंद, मी अशी लिहिली होती : सुरुवातीला श्री. मग दिवसाचे नेहमीचे व्यवहार, हमाली, तोलाई, बारदान. सगळ्यात खाली, बदललेल्या, वाकड्या अक्षरात, कारण तळवे सोललेले : 'धर्मादाय खाते नावे. घंटाघर, तेल पाव शेर, दोर एक.' माझी कल्पना अशी, की घंटेचा खर्च कायम धर्मादायातून व्हायचा, त्या रात्रीही त्यानं सवयीनं तिथेच लिहिला.

मामांनी पान डोळ्यांजवळ नेलं. हमालीच्या ओळीतला माझा बेरजेचा घोळ आधी दाखवला, तीन आण्यांचा. मग खालच्या ओळीवर बोट ठेवून थांबले.

"ही चूक आहे."

"का? दानच ना ते?"

"दान कुणाचं? उद्या ज्याचं दिवाळं निघणार हे त्याला आज रात्री माहीत आहे, त्याच्या पेढीतला पैसा आता त्याचा राहिला का? तो घेणेकऱ्यांचा. त्यातनं पुण्य कसं घेईल तो? आणि असा शेट, असा एक प्रहर बसून आलेला, तो हे धर्मादायात लिहील होय?"

मी म्हटलं, "मग कुठे लिहू?"

"घरखर्चात. स्वतःच्या नावे. हे मीठ, हे तांदूळ, ही घंटा."

वहीत खाडाखोड चालत नाही, म्हणून पान नव्यानं घेतलं. मामांनी बाजूला बसून हमालीपासून सगळी बेरीज पुन्हा करून दिली. शेवटची ओळ लिहिताना मी बोरू डाव्या हातात धरला, म्हणजे अक्षर आपोआप वाकडं येतं.

'घरखर्च नावे. तेल पाव शेर. दोर एक.'

शाई वाळेपर्यंत वही पंख्याखाली उघडी ठेवली. उद्या स्कॅन.